जुनं सिको डायव्हर घेताना : ६३०९-७०४० चं एक पूर्ण प्रकरण

प्रकरण माझ्या आतेभावाचं आहे. ठाण्यात राहतो, आयटीत आहे, तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरवर स्कुबा करून आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, की जुनं मेकॅनिकल डायव्ह वॉच घ्यायचं, आणि घेऊन कपाटात ठेवायचं नाही, पाण्यात घालायचं. बजेट पंचवीस हजार, सर्व्हिसिंगसकट. मी बरीच वर्षं जुनी घड्याळं हाताळतोय म्हणून त्याने मला मध्ये घेतलं. एकाच मॉडेलची दोन घड्याळं एकाच वेळी समोर आली, एक चकचकीत आणि एक अगदी कळकट दिसणारं, आणि ती दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून तपासल्यामुळे बऱ्याच गोष्टी नीट दाखवता येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मॉडेलबद्दल. सिकोने पहिलं डायव्हर, म्हणजे डायव्ह वॉच, १९६५ ला काढलं, १५० मीटरचं. तोपर्यंत ब्लांपां आणि रोलेक्सची डायव्ह घड्याळं बाजारात येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, १९५३ च्या सुमाराची ती. नंतर सिकोचं ६१०५ आलं आणि १९७६ ला ६३०९, हे नंबर आतल्या मशीनचे. हे ६३०९ साधारण १९८८ पर्यंत बनत होतं, त्यानंतर ७००२, आणि १९९६ पासून एसकेएक्स००७ जे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ६३०९ मध्येच ७०४० आणि ७०४९ असे दोन नंबर दिसतात, घड्याळ तेच, फक्त वेगवेगळ्या देशांच्या बाजारासाठी. ७२९० म्हणून एक सडपातळ केसवालाही (केस म्हणजे घड्याळाचं धातूचं बाहेरचं अंग) आहे, तो वेगळा. आपण बोलतोय ते जाड उशीसारख्या केसचं, चारच्या जागी चावी (वेळ लावायचं बटण) असलेलं, १५० मीटर लिहिलेलं, २२ एमएम पट्ट्याचं. मनगटावर मोठं दिसतं पण बसतं छान, कारण लग, म्हणजे पट्टा अडकवायचे कान, छोटे आहेत.

हे मॉडेल का निवडलं याचं कारण अगदी व्यवहारी आहे. ६३०९ चं मशीन सिकोने फक्त डायव्हरमध्ये नाही तर साध्या सिको फाइव्हमध्येही भरपूर वापरलंय आणि ती सिको फाइव्ह आपल्याकडे गल्फमधून, जहाजावरच्या लोकांकडून, स्मगलिंगच्या मालातून अशी प्रचंड आली. त्यामुळे बॅलन्स, स्प्रिंग, गिअर असं काहीही लागलं तरी पुण्या-मुंबईत कुठल्याही जुन्या घड्याळदुरुस्तीवाल्याच्या डब्यात मिळतं. स्विस डायव्हर घेतलं आणि एक चाक गेलं की तुम्ही सहा महिने पार्ट शोधत फिरणार. माझं मत स्पष्ट आहे, पहिलं जुनं डायव्हर घेणाऱ्याने ज्याचे पार्ट गावात मिळतात तेच घ्यावं.

पण याच सोयीची दुसरी बाजू म्हणजे मिक्स माल. मशीन मुबलक, नवीन बनवलेल्या डायल, काटे, बेझलच्या (काचेभोवतालच्या फिरणाऱ्या कड्याच्या) रिंगा मुबलक, मग तीन घड्याळांचं एक करून विकणं सोपं. मुंबईत रंगवलेल्या डायलची घड्याळं तर परदेशातल्या कलेक्टर लोकांत बदनामच आहेत, 'मुंबई स्पेशल' म्हणतात ते. मला यात एक गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते. ज्या कारागिरांनी वर्षानुवर्षं डायल रंगवल्या ते फसवायला बसले नव्हते, आपल्याकडे पावसाळ्यात डायलला बुरशी धरायची, ओरिजिनल डायल आयात होत नव्हती, आणि गिऱ्हाईकाला रोज ऑफिसला घालायला स्वच्छ घड्याळ हवं होतं. काम प्रामाणिक होतं. रंगवलेलं घड्याळ 'फुल ओरिजिनल' म्हणून ओरिजिनलच्या किमतीला विकलं जातं तेव्हा प्रॉब्लेम सुरू होतो.

तर पहिला पीस, याला चकचकीत म्हणू. मुंबईचा एक डीलर, ऑनलाइन फोटो टाकलेले, किंमत सव्वीस हजार, "साहेब फुल ओरिजिनल, मिंट कंडिशन, सर्व्हिस्ड". फोटोत काळीकुळकुळीत डायल, पांढरेशुभ्र ठिपके, बेझल झगझगीत, केस आरशासारखी. आतेभावाचा जीव त्याच्यावरच जडला होता. मी म्हटलं, प्रत्यक्ष बघू, फोटोवर पैसे पाठवायचे नाहीत.

दुकानात गेल्यावर आधी केस बघितली. ६३०९ च्या केसला वरचा भाग ब्रश केलेला असतो आणि बाजू पॉलिश, आणि या दोन्हींच्या मध्ये एक स्पष्ट धार असते, बोट फिरवलं तरी कळते. या पीसला ती धार नव्हतीच. वरूनही चमक, बाजूनेही चमक, कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. म्हणजे बफिंग मशीनवर एकदा नाही, अनेकदा गेलंय. आणि हे भरून येत नाही. डायल बदलता येते, काटे बदलता येतात, मशीन तर अख्खं बदलता येतं, पण केसचं गेलेलं स्टील परत कोण लावणार? म्हणून जुनं डायव्हर हातात घेतलं की मी पहिल्यांदा डायलकडे बघतच नाही, केस तिरकी धरून उजेडात कडा बघतो.

मग टॉर्च. मोबाइलचा टॉर्च डायलवर अर्धा मिनिट धरला आणि घड्याळ काउंटरखाली अंधारात नेलं. हिरवंगार पेटलं आणि पेटलेलंच राहिलं. चाळीस वर्षांपूर्वीचं रेडियम असं पेटत नाही. (रेडियम आपण बोलायची पद्धत म्हणून म्हणतोय, या घड्याळांत खरं रेडियम नसतं.) जुना मसाला, म्हणजे तो चमकणारा लेप, थकतो, टॉर्च काढल्यावर थोडा वेळ अंधुक दिसतो आणि विझतो, आणि रंगही पांढरा राहत नाही, पिवळट किंवा खाकी होतो. इतकं ठसठशीत पेटतंय म्हणजे डायल आणि काटे दोन्ही नवे, किंवा जुन्या डायलवर नवीन मसाला भरलाय. लूपने (घड्याळजीच्या भिंगाने) खाली सहाच्या खुणेपाशी बघितलं. ६३०९ च्या डायलला अगदी तळाच्या कडेला, बेझलच्या आतल्या रिंगला चिकटून, बारीक अक्षरांत जपान आणि डायलचा कोड छापलेला असतो, ६३०९ ने सुरू होणारा. इथे तो कोडच नव्हता.

शेवटची गोष्ट मशीनची, आणि ही मला सगळ्यात आवडते कारण याला लूपही लागत नाही. ६३०९ च्या मशीनला हाताने चावी भरता येत नाही, आणि वेळ लावायला चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, चालतच राहतो. दोन्ही गोष्टी त्या मशीनमध्ये नाहीतच. हलवलं की रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, फिरतो आणि स्प्रिंग भरते, बस. मी चावीचा स्क्रू सोडला, टोकापर्यंत ओढली, आणि सेकंद काटा थांबला. परत आत ढकलून फिरवली तर हाताला स्प्रिंग भरल्याचा करकर आवाज. म्हणजे आत ६३०९ नाहीच, सिकोचं अलीकडचं मशीन आहे. मशीन म्हणून वाईट नाही, उलट जास्त सोयीचं आहे, पण मग या घड्याळात १९७०-८० च्या दशकातलं उरलं काय, तर घासलेली केस आणि मागचं झाकण.

डीलरला मी शांतपणे विचारलं, "शेठ, यात मशीन कुठलंय?" तर म्हणाला, "साहेब, सिकोचंच आहे, नवीन टाकलंय, टेन्शन नाही." खोटं बोलला नाही तसा, विचारल्यावर सांगितलं. आतेभाऊ बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, पण दिसायला एक नंबर होतं रे." होतंच. आणि कोणाला दहा-बारा हजारात जुन्या लूकचं, रोज वापरायचं, पार्ट नवे असलेलं घड्याळ हवं असेल तर असा मिक्स पीस घ्यायला माझी काहीच हरकत नाही, फक्त विकणाऱ्याने ते आधी सांगावं आणि सव्वीस मागू नयेत.

दुसरा पीस रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या ओळखीतल्या एका काकूंकडे होता. त्यांचे मिस्टर मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, त्यांनी दुबईत घेतलेलं, त्यांच्या माघारी ड्रॉवरमध्ये पडून होतं. काकूंच्या पुतण्याने नेटवर किमती बघून पंचवीस सांगितले होते. फोटो एकच, तोही अंधारात काढलेला. आतेभावाला काही उत्साह नव्हता. मी फोटो मोठा करून बघितला तर केसची ती धार दिसत होती. म्हटलं चल.

घड्याळ हातात आलं तेव्हा खरंच केविलवाणं दिसत होतं. काच इतकी चरे पडलेली की आतलं धड वाचता येत नव्हतं. बेझलची रिंग काळ्याची करडी झालेली, दोन ठिकाणी अॅल्युमिनियम उघडं पडलेलं, बाराच्या त्रिकोणातला मोती (चमकणारा ठिपका) गायब. लगच्या मध्ये चाळीस वर्षांचा मळ. पण केसच्या कडा तशाच्या तशा, ब्रशिंगच्या रेषासुद्धा दिसतात. म्हणजे हे घड्याळ वापरलं गेलं भरपूर, पण याला बफ कोणी मारला नाही.

मागचं झाकण बघू. सिकोच्या डायव्हरला मागे लाटेचं चित्र असतं, ते ठळक होतं, झिजलेलं नव्हतं. सिरीयल नंबर सहा आकडी, सुरुवात ३एन. याचं वाचन असं: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, आणि मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. म्हणजे ३एन हे कुठल्यातरी दशकातल्या तिसऱ्या वर्षाचा नोव्हेंबर. दशक नंबरात नसतं. ते मॉडेलवरून काढायचं, ६३०९ बनायला १९७६ ला लागलं आणि १९८८ ला थांबलं, त्यात ३ ने संपणारं वर्ष एकच, १९८३. पण सुरुवात ७ ने असती तर १९७७ की १९८७ हे नुसत्या नंबरावरून सांगता आलं नसतं, आणि बरेच विकणारे अशा वेळी बिनधास्त जुनं वर्ष सांगतात. आणि एक लक्षात ठेवायचं की हा नंबर झाकणाचा आहे. झाकण दुसऱ्या घड्याळावर लागतं. त्यामुळे नंबर जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नाही, बाकीच्या गोष्टींशी ताळमेळ बसतो का ते बघायचं.

इथे बसला. काकूंनी न विचारता सांगितलं, "आमच्या मोठ्याच्या मुंजीच्या आधी घेऊन आले होते, चौऱ्याऐंशीला." नोव्हेंबर १९८३ चं घड्याळ दुबईच्या दुकानातून चौऱ्याऐंशीला घेतलेलं, चोख जुळतं. वाराची चकती फिरवली तर एकदा इंग्रजी वार आणि एकदा अरबी. गल्फच्या बाजारात असेच विकायचे. ही अरबी चकती मला त्या वेळी कुठल्याही बिलापेक्षा जास्त विश्वासाची वाटली, कारण घड्याळ 'चांगलं' करून विकणारा माणूस डायल बदलेल, काटे बदलेल, पण वाराच्या चकतीची आठवण त्याला सहसा होत नाही.

टॉर्च मारला, ठिपके अगदी मंद पेटले आणि थोड्या वेळात विझले. रंग पिवळट खाकी, आणि काट्यांचा रंग डायलच्या ठिपक्यांशी मिळता. हे मिळणं महत्त्वाचं. ठिपके खाकी आणि काटे पांढरे असले तर काटे नंतरचे. डायलचा कोड जागेवर होता, ओरखड्यांमधून अर्धाच दिसला पण होता. चावी ओढली, सेकंद काटा चालतच राहिला. फिरवून बघितलं, हाताला भरण्याचा आवाज नाही. बरं वाटलं. मोबाइलवरच्या टायमिंगच्या अॅपने सेकंदाला सहा ठोके म्हणजे तासाला २१,६०० दाखवले, ६३०९ चे तेवढेच असतात. चालत मात्र बेकार होतं, दिवसाला मिनिटभर पुढे आणि अॅम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) खूप खाली, म्हणजे आतलं तेल वाळलेलं. त्याची मला काळजी नव्हती. इतकी वर्षं बंद पडलेलं घड्याळ चार झटक्यांत चालू झालं हीच मोठी गोष्ट.

ज्याची काळजी होती ती चावीच्या नळीची. डायव्हरची चावी स्क्रूने आत बसते, केसमधून बाहेर आलेल्या नळीला आटे असतात. लोक घाईत वाकडी लावतात, आटे मरतात, आणि मग चावी नुसती फिरत राहते, पकडत नाही. ६३०९ ला ती नळी दुसरी बसवणं सोपं काम नाही. मी चावी हलक्या हाताने आधी उलटी फिरवली, आटा बसल्याचा तो बारीकसा 'टक' जाणवेपर्यंत, आणि मग सुलटी. छान घट्ट बसली. शेवटच्या टप्प्याला थोडी खरखर होती, तो मळ होता. ही एक टेस्ट नापास झाली असती तर मी घड्याळ तिथेच ठेवलं असतं, बाकी कितीही अस्सल असलं तरी, कारण भावाला पाण्यात घालायचं होतं.

किमतीचं बोलणं मी काकूंशीच केलं, पुतण्याशी नाही. त्यांना सांगितलं की काकू, नेटवर पंचवीस दिसतात ते सर्व्हिस केलेल्या, पाण्याची टेस्ट झालेल्या, काच बदललेल्या घड्याळाचे आहेत, याला तेवढ्यावर यायला पाच-सहा हजार लागतील, तर मी अठरा देतो. आणि हेही सांगितलं की केस आणि डायल फार चांगली आहे, कोणी याला पाच हजाराचा जुना बाजार म्हणून उचलायला आला तर देऊ नका. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही वापरणार आहात ना, मग झालं." अठरा हजारात ठरलं. घरच्या माणसाकडून जुनी वस्तू घेताना तिची खरी किंमत त्यांना सांगून मगच भाव करावा असं माझं पक्कं मत आहे. हजार-दोन हजार जास्त जातात, जाऊ द्यावेत.

आता सर्व्हिसिंग. पुण्यात पेठेत एक दुरुस्तीवाले काका आहेत, सिकोची मशीनं डोळे मिटून उघडतात. त्यांना आधीच सांगितलं की काका, केसला पॉलिश करायचं नाही, ब्रशही नाही, नुसती धुवा. डायल पुसायची नाही. काटे काढाल तेव्हा मसाला गळणार नाही असं बघा. त्यांनी झाकण उघडायच्या आधी एक काम केलं ते इथे सांगण्यासारखं आहे. घड्याळ दिव्याखाली हाताला गरम लागेल इतकं तापू दिलं, मग काचेच्या मधोमध गार पाण्याचा थेंब ठेवला, मिनिटभराने पुसला. थेंब होता तिथे काचेच्या आतल्या बाजूने पुसटसा धुक्याचा गोल. म्हणजे आतल्या हवेत ओल आहे. कोकणातल्या दमट ड्रॉवरमध्ये, रबर कडक झालेलं, हवा आत-बाहेर करतच होती. डायव्ह वॉचच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ६४२५ मध्ये, साधारण अशीच थेंबाची टेस्ट आहे. घरी कोणीही करू शकतं, फक्त तापवताना अतिरेक करायचा नाही, चाळीस-पंचेचाळीस डिग्री पुरे.

झाकण उघडलं. रबर रिंग चपटी होऊन काळ्या डांबरासारखी चिकटलेली, सुईने खरवडून काढावी लागली. झाकण जिथे रबरावर बसतं त्या पट्टीवर गंजाचे दोन बारीक खड्डे होते, पण रबराच्या मार्गाच्या बाहेर, म्हणून चाललं. तिथे खोल खड्डे असते तर नवीन रबर टाकूनही पाणी आत गेलं असतं, आणि हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. रोटरवर ६३०९ए आणि १७ ज्वेल्स स्पष्ट. मशीन स्वच्छ, फक्त तेलाचा पत्ता नाही. सिकोची ती रोटर कुठल्याही दिशेने फिरला तरी स्प्रिंग भरणारी लिव्हर, मॅजिक लिव्हर म्हणतात, १९५९ पासून वापरतायत, तिचे दोन दात थोडे झिजलेले होते, ती काकांनी सिको फाइव्हच्या डब्यातून काढून बदलली. हाच तो पार्ट गावात मिळण्याचा फायदा. मशीन खोलून धुतलं, तेल दिलं, परत जोडलं. अॅम्प्लिट्यूड चांगलं वर आलं आणि दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे. या वयाच्या सिकोला एवढं पुरे, काकांनी अजून कमी करायची तयारी दाखवली पण मीच नको म्हटलं.

रबर तीन जागी असतं: झाकणाखाली, काचेभोवती आणि चावीच्या आत. लोक झाकणाचं बदलतात, काच बदलली तर काचेचं, आणि चावीतलं विसरतात कारण ते दिसत नाही. इथेही पहिल्या फेरीत झाकण आणि काचेचं नवीन टाकलं, चावीतलं काकांच्या मते "ठीक वाटतंय". मग प्रेशर टेस्टर. काकांकडे साधा पंपवाला आहे, जाड प्लास्टिकचं नळकांडं, अर्धं पाणी अर्धी हवा. घड्याळ हवेत लटकवायचं, हवेचा दाब वाढवायचा, त्यांच्या मशीनवर सहा बारपर्यंत जातो, थोडा वेळ थांबायचं म्हणजे फट असेल तर दाबाची हवा घड्याळात शिरेल, मग घड्याळ पाण्यात बुडवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. आत हवा शिरलेली असेल तर ती आता फटीतून बुडबुडे होऊन बाहेर येते आणि गळती कुठे आहे ते नेमकं दिसतं. आमच्या घड्याळाला चावीपाशी एक बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. काकांनी लगेच घड्याळ पाण्याबाहेर ओढलं, कारण दाब पूर्ण उतरला की पाणी त्याच फटीतून आत जाऊ शकतं. चावी काढली, आतली रिंग बदलली, सिलिकॉन ग्रीस लावलं, परत टेस्ट. एकही बुडबुडा नाही.

सहा बार म्हणजे किती, तर पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार वाढतो, म्हणजे साठ मीटर स्थिर पाण्याचा दाब. डायलवर १५० मीटर लिहिलंय म्हणून हे घड्याळ आज १५० मीटर जाईल असं अजिबात नाही. ते वाक्य १९८३ च्या नव्या रबराबद्दल होतं. आज हे घड्याळ किती पाणी झेपवेल हे फक्त कालच्या टेस्टवरून सांगता येतं, डायलवरून नाही, आणि जुनं डायव्हर घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट तरी डोक्यात पक्की बसवावी. तारकर्लीच्या उथळ स्कुबाला सहा बार पुष्कळ आहे. त्याहून खोल नेऊ नको असं मी भावाला सांगितलंय, आणि डाइव्हला गेला की हातावर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) असलाच पाहिजे, हे घड्याळ त्याच्या जोडीला.

बेझलबद्दलही त्याला समजावलं. डायव्हरची बेझल वापरायची ती अशी की पाण्यात उतरताना त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणायचा, म्हणजे पुढे काटा बेझलवर जिथे येईल तेवढी मिनिटं झाली. आत्ताच्या घड्याळांची बेझल एकाच दिशेने फिरते, चुकून धक्का लागला तरी झालेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही, म्हणजे माणूस लवकर वर येतो. ६३०९ ची बेझल दोन्हीकडे फिरते, क्लिक आहेत पण अडवत काही नाही. धक्क्याने उलटी फिरली तर वेळ कमी दिसेल आणि पाण्याखाली ती चूक महागात पडते.

हिशोब असा झाला. घड्याळ अठरा हजार. सर्व्हिस, लिव्हर, नवीन काच, तिन्ही रबरं आणि टेस्ट मिळून साडेपाच. बेझलची नवीन रिंग सहाशे, रबरी पट्टा चारशे. साडेचोवीस हजार, बजेटच्या आत. दुसरीकडे सव्वीस देऊन त्याच्याकडे घासलेली केस, नवी डायल आणि अलीकडचं मशीन आलं असतं, आणि ते विकायला काढलं असतं तर निम्मेही आले नसते.

जुनी काच आणि करडी पडलेली रिंग काकांकडून मागून घेतली आणि एका छोट्या पाकिटात घालून घड्याळाबरोबर दिली. नवीन रिंग रोजच्या वापरात छान दिसते, पण कधी घड्याळ पुढच्या माणसाकडे गेलं तर त्याला १९८३ चे सुटे भाग मिळायला हवेत.

एकच विषय अजून चालू आहे, रेडियमचा. आतेभावाला आता ते अंधारात पेटायला हवंय, आणि दुरुस्तीवाल्या काकांनी नवीन मसाला भरून देतो म्हणून सांगितलंय, हजारभर रुपयांत. त्याचा रोज एक मेसेज असतो, "दादा, करू का?" मी अजून तरी नाहीच म्हणतोय. डायलवरचा जुना मसाला घट्ट आहे, तडे नाहीत, तो खरवडायला गेलं तर खालचा काळा रंग उडायची भीती आहे, आणि या डायलसाठीच तर आपण रत्नागिरीला गेलो होतो. काट्यांचं वेगळं आहे. तास काट्यातल्या मसाल्याला एक बारीक चीर आहे, ती वाढली तर भुगा खाली मशीनमध्ये पडेल आणि घड्याळ बंद पडेल. तसं दिसलं तर काटे काढून मागच्या बाजूने पारदर्शक बाइंडरचा (चिकट द्रवाचा) पातळ थर देऊन आहे तोच मसाला धरून ठेवायचा, इतकंच करू असं ठरलंय. पुढच्या वर्षी पावसाळा संपून तारकर्लीचा सीझन सुरू व्हायच्या आधी रबरं आणि प्रेशर टेस्ट परत करायचीच आहे, तेव्हा काका काटे लूपखाली बघतील.